पुसून दिलेला डबा

सांगलीच्या गावभागात विनोदिनी भिडे यांचं पोट प्रसिद्ध होतं. आकारासाठी नव्हे, त्यात गोष्ट राहते म्हणून.

माहेर वाईचं, सासर सांगलीचं. यजमान गंगाधरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि निवृत्ती अंगवळणी पडायच्या आत गेले. रिकाम्या झालेल्या पुढच्या खोलीत काकूंनी 'सुमुहूर्त वधू-वर सूचक केंद्र' थाटलं. भिंतीवर एकच पाटी लावली: 'इथे बोललेले इथेच राहील.'

लोक चपला काढता काढताच आवाज खाली आणायचे. मुलाचं टक्कल, मुलीचा मोडलेला साखरपुडा, काकांचा तापट स्वभाव, सगळं काकूंच्या पुढ्यात ओतायचे, चहा प्यायचे आणि हलके होऊन जायचे. काकू फक्त "हं" म्हणायच्या. बाहेर भाजीबाजारात कुणी खोदून विचारलं तर उत्तर ठरलेलं. "स्थळ चांगलं आहे. पुढची चौकशी तुमची तुम्ही करा." आणि कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करायला लागायच्या.

पण माणसाचं पोट ते केवढं? साताऱ्यापासून मिरजेपर्यंतची स्थळं त्यात मावेनात. मुलगा निमिष पुण्यात नोकरीला लागला तेव्हा त्यानं आईला कम्प्युटर घेऊन दिला. काळा, जाडजूड, सुरू होताना पिठाच्या गिरणीसारखा घरघरणारा. काकू त्याला 'डबा' म्हणायच्या. दर दसऱ्याला डब्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि वर एक आपट्याचं पान.

डब्यात काकूंनी रकाने आखले. नाव, गाव, शिक्षण, उंची. आणि शेवटचा एक रकाना फक्त स्वतःसाठी: 'शेरा'.

तोंडावर जे बोलायचं नाही ते सगळं शेऱ्यात. 'मुलगा निर्व्यसनी. आई हातात पैसे देत नाही.' 'फोटो खरा. केस नाहीत.' 'उंची बुटासकट.' 'मुलीला स्वयंपाक येतो असं मुलीची आई म्हणाली. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.' 'सासू गोड. जरा जास्तच.' आज ज्या माणसांच्या घरी काकूंना बारशाला पाटावर बसवतात, त्या सगळ्यांची खरी उंची त्या डब्यात पडलेली होती.

त्यातलीच एक जोडी आर्जव आणि चंदनाची. आर्जव म्हणजे मार्केट यार्डातल्या हळदीचे अडते रायगोंडा पाटील यांचा मुलगा, चंदना समडोळीची. पहिली भेट झाली आणि दुसऱ्या दिवशी दोघांचेही निरोप आले, दोघांचेही नकार. काकूंनी इमानदारीत नोंद केली. आर्जवपुढे, 'मुलाचा नकार. मुलगी फार बोलते.' चंदनापुढे, 'मुलीचा नकार. मुलगा बोलतच नाही.'

मग दोन्ही ओळी त्यांनी पुन्हा वाचल्या. एकाचं जास्त, एकाचं कमी. बेरीज तर बरोबर येतेय! त्यांनी दोन्ही घरी फोन करून एकच वाक्य सांगितलं, "तिकडून विचार चालू आहे," आणि दोघांना आमराईत पुन्हा भेटायला धाडलं. तिथं चंदना बोलली, आर्जव भेळ खाता खाता इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि लग्न ठरलं. त्याला आता सहा वर्षं झाली. समोरच्यानंही आपल्याला नाकारलं होतं, हे त्या दोघांपैकी कुणालाच ठाऊक नाही. ठाऊक फक्त काकूंना. आणि डब्याला.

यंदा दिवाळीच्या आधी निमिषनं नवा लॅपटॉप पाठवला आणि पुण्यात बसूनच सगळे रकाने न वाचता तिकडे चढवून दिले. फोनवर म्हणाला, "आई, तो जुना काढून टाक आता. पण देण्याआधी पूर्ण पुसून दे हं. विसरू नकोस."

"पुसून देते की! घाण वस्तू कुणाच्या दारात पाठवेन का मी? वाईची आहे मी."

"आतून पुसायचा, आई."

"आतून-बाहेरून पुसते. ठेव."

पुसायला बनुबाई होती. बनुबाई मूळची दुष्काळी माण तालुक्यातली, दहिवडीकडची. पाण्याच्या एका तांब्यात अख्खं घर पुसून काढायची आणि वर तांब्यात घोटभर उरवायची. तिनं डबा अंगणात घेतला, जाळीतली कोळिष्टकं हेअरपिनेनं काढली, ओलं फडकं फिरवलं, कोरडं फिरवलं. काकू आत चकल्या तळत होत्या.

"काकू, ह्यो कागुद कसला चिकाटलाय वो ह्याच्या कानशिलाला?"

"असेल कसलातरी. काढ तो. स्वच्छ दिसला पाहिजे."

"निगंना की."

"खोबरेल लाव."

खोबरेल लावून, नखानं खरवडून बनुबाईनं कागद काढला. डबा असा चकाकला की त्यात पाणी भरून ठेवावंसं वाटलं.

तेवढ्यात गल्लीत जोतिबाचा टेम्पो आला. भोंग्यातून त्याचाच आवाज वाजत होता. "जुना टीवी द्या, मिक्सर द्या, कम्प्युटर द्या, नवं भांडं घिऊन जावा!" काकू चकलीचा झारा हातात घेऊनच बाहेर आल्या.

"किती देतोस ह्याचं?"

जोतिबानं डब्यावर टिचकी मारली. "चमचा दीन."

"चमचा? अरे मेल्या, ह्यानं अर्ध्या सांगलीचे संसार उभे केलेत!"

"मग थकला आसंल की, काकू. चहाची गाळणी बी दितो वर."

"गाळणी तुझ्या भोंग्याला लाव. तो झाकणाचा डबा दाखव. तो नव्हे, मोठा. झाकण घट्ट बसतं का? बघू. अं हं, डगडगतंय. दुसरा दे."

पाऊण तास घासाघीस चालली. चकल्या काळ्या झाल्या, पण काकूंनी घट्ट झाकणाचे दोन स्टीलचे डबे मिळवले. "डब्याला डबा," त्या बनुबाईला म्हणाल्या, "आणि वर एक फुकट. ह्याला म्हणतात व्यवहार."

संध्याकाळी निमिषचा फोन आला.

"पुसलास ना, आई?"

"दोनदा. एकदा ओल्या फडक्यानं, एकदा कोरड्या."



"आई... फडक्यानं?"

"मग काय पदरानं?"

"अगं आई! आतली माहिती पुसायची होती! मी नव्यात चढवली ती नक्कल. मूळ सगळं जुन्यातच आहे. कुणीही चालू केलं की समोर दिसणार."

काकूंनी फोन दुसऱ्या कानाला धरला. "शेऱ्यांसकट?"

"शेरे? कसले शेरे?"

"काही नाही. पण पासवर्ड आहे ना?"

"तू कागदावर लिहून डब्यालाच चिकटवलायस तो? त्याला पासवर्ड म्हणत नाहीत, आई. त्याला पत्ता म्हणतात."

काकूंच्या डोळ्यांपुढून सगळे जावई एका रांगेत गेले, बुटांशिवाय. जिच्या पोटातून वीस वर्षांत ब्र बाहेर पडला नाही, ती बाई दोन स्टीलच्या डब्यांपायी भर गल्लीत रिकामी झाली होती.

सकाळी उजाडताच एक डबा पिशवीत घालून काकू निघाल्या, बरोबर बनुबाई. जोतिबा टेम्पोखाली आडवा होऊन काहीतरी ठोकत होता.

"जोतिबा, हा घे तुझा डबा. माझा दे."

"आवं काकू, त्यो तर इकला की कालच."

"कुणाला?"

"यार्डात. रायगोंडाअण्णांच्या अडतीला. त्यांच्या सूनबाईला बिलं करायला पायजे हुता. लय खूश झाल्या. म्हनल्या, किती सोच्च हाय!"

काकूंनी स्टीलचा डबा परत पिशवीत टाकला. सगळ्या सांगलीत डब्याला जायला तेच एक घर मिळालं होतं!

रिक्षात बनुबाई म्हणाली, "कवाधरनं बघतिया, तुमचं त्वांड वाळलंय. हाय काय त्या डब्यात येवढं?"

"लोकांचं पोट आहे."

"आन् मग इकायच्या आधी मला पुसायचं तरी!"

"तुलाच तर पुसायला सांगितलं होतं!"

"त्ये पुसनं न्हवं वो. इच्यारनं. मी म्हनली असती, पोटातलं दिऊ नगा."

रिक्षावाला आरशातून बघायला लागला.

यार्डात हळदीचा वास इतका की रिक्षातून उतरतानाच नवरीचं अंग झाल्यासारखं वाटावं. रायगोंडाअण्णा पेढीवर गादीवर बसले होते. मागच्या टेबलाशी चंदना, आणि तिच्यापुढे तो. डबा. चालू. गिरणीसारखा घरघरत.

"या या, विनोदिनीताई! फराळाआधीच पाय लागलं की पेढीला. आर्जव, च्या सांग रं!"

काकूंचं लक्ष पडद्यावर होतं. चंदना बोटं नाचवत वैतागून म्हणाली, "बघा ना काकू, तुमचाच निघाला हा, वर तुमचं नाव येतंय! आत जाऊच देत नाही. पासवर्ड मागतोय. गणपती घातलं, सांगली घातलं, निमिष घातलं. दुपारी माणूस येणार आहे उघडून द्यायला. तुम्हीच सांगा ना काय आहे ते."

काकूंनी डब्याचं कानशील बघितलं. कागदाची जागा खोबरेलानं चकचकत होती. त्यांनी बनुबाईकडे असं बघितलं, असं बघितलं, की बनुबाई म्हणाली, "आता काय क्येलं मी?"

"काही नाही. तुझ्या नखांना यंदा दिवाळीची साडी."

मग घसा खाकरून त्या रायगोंडाअण्णांकडे वळल्या. "अण्णा, एक चूक झाली. हा डबा मला परत पाहिजे."

अण्णांनी टोपी सरळ केली. "ताई, तुमी मागितलं तर पोतं उचलून दीन. पन सौदा म्हंजे सौदा. यार्डात मोडलेला सौदा आन् मोडलेलं लगीन, दोन्हीचा वास जात न्हाई."

"अण्णा, यातलं एक मलाही माहीत आहे."

"परत कशाला पायजे पन?"

इथं काकू अडकल्या. खरं सांगावं तर पोट उघडं पडतं, खोटं सांगावं तर त्याची सवय नाही. त्यांची सवय गप्प बसायची. त्या म्हणाल्या, "त्यात लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत."

चंदनाची बोटं थांबली. "आमच्या पण?"

"सगळ्यांच्या."

"काकू, जरा आत येता? तुम्हाला... नवीन हळद दाखवते."

आतल्या गोदामात पोत्यांमागे नेऊन चंदनानं काकूंचा हात धरला. "काकू, मी तेव्हा आधी नाही म्हटलं होतं, ते लिहिलंय त्यात?"

"कुणाला आठवतंय?"

"तुम्हाला सगळं आठवतं! काकू, ह्यांना माहीत नाही हो. ह्यांना वाटतं मी बघताक्षणी होकार दिला. दर वाढदिवसाला तेच सांगतात सगळ्यांना. प्लीज, पुसा ते तेवढं."

"हं," काकू म्हणाल्या.

बाहेर येतात तो दाराशी चहाचे कप घेऊन आर्जव. लग्नाला सहा वर्षं झाली तरी हा मुलगा दिवसाला मोजकंच बोलायचा. त्यानं चंदना पुढे जायची वाट बघितली आणि कप काकूंच्या हातात देता देता एका दमात म्हणाला, "काकू, मी पहिल्यांदा नको म्हटलो होतो ते चंदनाला कळलं तर ती बोलायची थांबंल. मला त्याच्याबिगर करमत न्हाई."

काकूंना हसू असं आलं की गालाच्या आतली बाजू दातांत धरावी लागली. एक शब्द, फक्त एक शब्द बोलला असता तर दोघांचंही ओझं जागच्या जागी उतरलं असतं. पण शब्द काकूंच्या मालकीचा नव्हता.

"हं," त्या म्हणाल्या.

काकू पेढीवर आल्या तेव्हा सून म्हणत होती, "अण्णा, देऊन टाका काकूंना," आणि मुलगा मागून म्हणाला, "देऊन टाका, अण्णा."

रायगोंडाअण्णा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. "आयला! फ्रिज कुटं ठेवायचा त्याच्यावर ह्या दोघांचं अजून एकमत न्हाई, आन् ह्यावर झालं? न्या ताई. शकुन हाय." तरी हाडाचे अडते. "पन रिकामा सौदा मोडत न्हाई मी."

काकूंनी पिशवीतला स्टीलचा डबा काढून गादीवर ठेवला. "डब्याला डबा. उद्या चकल्या भरून पाठवते."

"काळ्या न्हाईत न्हवं?" बनुबाई पुटपुटली.

परत येताना डबा बनुबाईच्या मांडीवर होता. "आता ह्येचं काय करायचं? म्या म्हनती, किष्नामाईत सोडू. गनपती सोडतो तसा. वाजतगाजत."

"आणि खालच्या घाटावर कुणाच्या गळाला लागला तर?"

"मग जाळू."

"हा जळत नाही, ह्याचा धूर होतो," काकू म्हणाल्या. हे त्यांना निमिषनं रात्री दम देऊन सांगितलं होतं. "आणि तो धूर आपल्याच नाकात. जोतिबाकडेच राहिला असता तरी त्यानं तारांतलं तांबं काढायला हेच केलं असतं."

निमिषनंच मार्ग काढला. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत अशा वस्तू रीतसर मोडणारी, सरकारी परवाना असलेली एक कंपनी होती, त्यांची गाडी आठवड्यातून एकदा सांगलीला यायची. गाडीबरोबर श्रद्धा नावाची मुलगी आली. पायात जाड बूट, हातात ड्रिल मशीन.

"कागदपत्रं आहेत का तुझी?" काकूंनी विचारलं. "गाव कुठलं? घरी कोण कोण?"

"आजी, मी कम्प्युटर न्यायला आलेय. मला स्थळ नको."

"तसं नव्हे गं. हातात काय देतोय ते बघायला नको? उद्या हा कुठं फिरत फिरत तिसऱ्याच्या पेढीवर गेला म्हणजे?"

"म्हणून तर डिस्कला इथंच तुमच्यासमोर भोकं पाडते. मग साताऱ्यात तिचा चुरा. पत्रा, तांबं, प्लास्टिक वेगवेगळं होऊन पुन्हा कामाला. आणि तुम्हाला नाश केल्याचं प्रमाणपत्र."

"प्रमाणपत्र? मोडल्याचं?" काकूंना गंमत वाटली. जोडल्याचं प्रमाणपत्र त्यांनी पुष्कळांना मिळवून दिलं होतं.

श्रद्धानं डबा उघडला आणि आतून हाताच्या तळव्याएवढी एक चपटी डबी काढली.

"येवढंच?" बनुबाईचा विश्वास बसेना. "सगळी सांगली ह्यात?"

"सातारा पण," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात फाटक वाजलं. चंदना. "काकू, सहज आले, ते... चकल्यांचा डबा परत द्यायला." डबा हातात नव्हता. ती आत येते न येते तोच मोटारसायकल थांबली आणि आर्जव आला. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

"तुम्ही? तुम्ही तर वसुलीला गेला होतात!"

"तू... माहेरी फोन करत हुतीस ना?"

"केला."

"झाली वसुली."

एक अंगणाच्या ह्या बाजूला उभा राहिला, एक त्या बाजूला. दोघांचेही डोळे त्या डबीवर.

"कीस उडतो," श्रद्धा म्हणाली. "मध्ये एखादं फडकं आडवं धरा कुणीतरी."

बनुबाईनं खांद्यावरचं पुसायचं फडकं सोडलं. एक टोक तिनं धरलं, एक काकूंनी. धरलं मात्र, आणि काकूंना जाणवलं: एका बाजूला आर्जव, एका बाजूला चंदना, मध्ये फडकं. बनुबाईलाही जाणवलं असावं, कारण तिनं मोकळ्या हातानं ओट्यावरच्या सुपातले निवडायला काढलेले तांदूळ मुठीत घेतले.

ड्रिल घरघरलं. डबा पहिल्यांदा सुरू झाला होता तेव्हा असाच घरघरला होता. काकूंच्या तोंडून आपोआप, वीस वर्षांच्या सवयीनं, निघून गेलं, "साऽवऽधाऽन!"

आणि बनुबाईनं तांदूळ उधळले.

"आजी, काय करताय!" श्रद्धा चष्म्यातले तांदूळ झटकत ओरडली. फडक्यापलीकडून आर्जव हसायला लागला, तेच आमराईतलं, ठसका लागणारं हसू. चंदनानं धावत जाऊन त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि तोंडाचा पट्टा सुरू केला, "पाणी आणा कुणीतरी, ह्यांना हसता पण नीट येत नाही, किती वेळा सांगितलं तोंड मिटून हसा..." आर्जव डोळे पुसत ऐकत होता. तृप्त दिसत होता.

चहा पिऊन दोघं एकाच मोटारसायकलवर गेले. फाटकापाशी चंदनाचा आवाज आला, "खरं सांगा, कशाला आला होतात?" आणि आर्जवचा, "आधी तू सांग."

काकूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि अंगणातले तांदूळ वेचायला बनुबाईला सांगितलं. "नीट वेच. आणि पासवर्ड काय होता ते कुणाला सांगायचं नाही हं."

"मला कुटं वाचाया येतंय?" बनुबाई म्हणाली. "काय हुता?"

"आत्ता ओरडले तोच."

श्रद्धानं प्रमाणपत्र भरलं, शिक्का मारला आणि कागद काकूंपुढे सरकवला. "इथं सही. आणि हा शेवटचा रकाना तुमचा. काही लिहायचं असलं तर लिहा. नसलं तर मोकळा सोडा."

काकूंनी चष्मा पुसला, फडक्यानंच. रकान्यावर छापलेलं होतं, 'शेरा'.

शेऱ्याचा रकाना त्यांनी आयुष्यात कधी मोकळा सोडला नव्हता. वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं: 'स्थळ चांगले होते. पुढे चौकशी करू नये.'